तीनच्या खेळाला आवाज कमी

ताई: ते नंतर सांग. आधी हे वाच. पेन्सिलीने फुली केलीय ना, तिथे तुझी सही आणि तिच्याखाली माझी. गादीवाले चार वाजता येतायत.

भाऊ: चार वाजता खेळ चालू असतो.

ताई: असू दे. ते काही सिनेमा बघायला येत नाहीयेत.

भाऊ: तेच तर रडगाणं आहे. सिनेमा बघायला कोणी येतच नाही. जो येतो तो काहीतरी मोजायला येतो. परवा विजेचा माणूस मीटर बघून गेला, काल आग विझवायच्या नळकांड्या मोजायला कोणी आलं होतं, आणि आज तुझे गादीवाले.

ताई: माझे नाहीत. त्यांना मोठी जागा पाहिजे, आपल्याकडे मोठी जागा आहे. गाद्या, पलंग, उशा, सगळं एका छपराखाली मांडणार आहेत. माणूस चांगला आहे. दुसरं कोणी एवढं देणार नाही.

भाऊ: चांगलाच असेल. गाद्या विकणारा माणूस वाईट कसा असेल.

ताई: हे बघ, हसण्यावारी नेऊ नकोस. गेल्या वेळी असाच हसत बसलास आणि मी हात हलवत परत गेले. बाबांनी थेटर दोघांच्या नावावर ठेवलं. एकाच्या सहीने काही होत नाही. नाहीतर मी तुझ्या दारात अशी चकरा मारत बसले असते का?

भाऊ: दारात कुठे? बुकिंगच्या खोलीत बसली आहेस. तुझ्याच स्टुलावर. लग्नाआधी दोन्ही खिडक्या एकटीने सांभाळायचीस. इकडून बाल्कनी, तिकडून स्टॉल.

ताई: तेव्हा खिडकीबाहेर माणसं असायची. आज मी आल्यापासून किती तिकिटं फाडलीस?

भाऊ: आज सोमवार आहे.

ताई: तुझ्याकडे आठवड्यातले सगळे वार सोमवारच असतात.

भाऊ: अगं, मी काय हातावर हात ठेवून बसलोय का? नवा मोठा सिनेमा मागितला, तर म्हणे चारही खेळ त्याचेच लावा आणि तीन आठवडे हलवायचा नाही. पहिल्या आठवड्यात इथली सगळी माणसं बघून जातात. पुढचे दोन आठवडे मी, दारावरचे टॉर्चकाका आणि ऑपरेटर बघतो. तिघांनाही संवाद पाठ झालेत. बरं, लोक ज्याची चौकशी करतात तो छोटा सिनेमा मागावा, तर तो आधी तिकडे बारा पडद्यांच्या थेटरात जातो. आमच्याकडे येईपर्यंत सगळ्यांनी फोनवर बघितलेला असतो. जुनं यंत्र बिघडलं की आपला ऑपरेटर पेचकस घेऊन बसायचा. नव्या यंत्राला बाहेरचा माणूस लागतो. तो फोनवर आधी विचारतो, बंद करून चालू केलंत का.

ताई: हे सगळं मला का सांगतोस? हे सगळं म्हणजे विकायची कारणं आहेत. माझंच काम करतोयस तू.

भाऊ: हो. बोलताना माझ्याही लक्षात आलं.

ताई: पांढरा हत्ती झालाय हा. आणि तू त्याच्या पायाशी बसून त्याला गोंजारतोयस. लग्न केलं नाहीस, घर केलं नाहीस. बाल्कनीच्या मागच्या खोलीत स्टोव्ह ठेवून राहतोस. मला रात्री झोप लागत नाही याने.

भाऊ: माझ्यामुळे?

ताई: तुझ्यामुळे, यांच्यामुळे. सगळ्यांमुळे.

भाऊ: दाजी कसे आहेत?

ताई: कसे असणार. उजवी बाजू तशीच आहे. रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. जीभ थोडी सुटलीय. डोकं मात्र लख्ख आहे, तेच जास्त वाईट. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हॉस्पिटलातून आणून वर नेलं ते शेवटचं. रस्ता बघितला नाही त्यांनी तेव्हापासून. खिडकीतून समोरची गच्ची दिसते, तेवढंच जग. मला तळमजल्यावर घर पाहिजे रे. छोटं चालेल. दाराशी खुर्ची टाकून बसवता आलं पाहिजे त्यांना. त्यासाठी भांडतेय मी. मला काही दागिने नाही करायचेत.

भाऊ: हे तू मागे असं सांगितलं नव्हतंस.

ताई: मागे तू हसत होतास.

भाऊ: आता नाही हसत.

ताई: सही कर.

भाऊ: वाचतो. वाचल्याशिवाय सही करू नकोस असं तूच शिकवलंयस. हे काय? “यंत्रसामग्री नादुरुस्त असल्याने हिशेबात धरलेली नाही.” हे कोणी लिहायला सांगितलं?

ताई: मी. आमची शेजारीण मागे आली होती तुझ्या तीनच्या खेळाला. म्हणाली, तुमच्या भावाच्या थेटरात नट नुसते ओठ हलवतात. काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आवाजाचं यंत्र गेलंय ना तुझं?

भाऊ: गेलेलं नाही. उत्तम आहे. आम्ही कमी ठेवतो.

ताई: कमी ठेवता? का?

भाऊ: तीनच्या खेळाला कमी. बाकी खेळांना बरोबर. तू आत जाऊन बघ.

ताई: मला वेळ नाही. शेजारीण बसलीय यांच्यापाशी, सहापर्यंतच.

भाऊ: मग गादीवाले येईपर्यंत इथे बसून माझं तोंड बघणार आहेस? जा आत. मी तोवर हे वाचून काढतो. आल्यावर सहीचं बोलू, शब्द देतो.

ताई: शब्द तुझा. दहा मिनिटांत येते.

टॉर्चकाका: तिकीट, ताई.

ताई: काका, मी आहे.

टॉर्चकाका: दिसतंय की. अजून एवढं दिसतं. पण तिकीट लागतं. तुमचे बाबा स्वतः खिडकीवर जाऊन तिकीट काढायचे आणि मग माझ्यासमोर उभे राहायचे. मी फाडलं की आत.

ताई: माझ्याच थेटरात मी तिकीट काढू?

टॉर्चकाका: अजून आपलं आहे तोवर काढून घ्या.

ताई: टोमणा कळला मला. ए, दे रे एक. हसू नकोस, तिकीट दे. हे घ्या, काका. फाडा.

टॉर्चकाका: या. जरा हळू चला, आणि हळू बोला. मी टॉर्च पायाशी धरतो, वर मारत नाही. तीनच्या खेळाला वर मारायची नाही.

ताई: काका, हे काय? ही माणसं झोपलीत.

टॉर्चकाका: हो. हळू.

ताई: सगळी?

टॉर्चकाका: सगळी कशी असतील. ते पुढे मास्तर बसलेत ना, ते बघतात सिनेमा. रोज येतात. त्यांना कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज कमी असला काय आणि जास्त असला काय.

ताई: आणि त्या मागच्या?

टॉर्चकाका: समोरच्या हॉस्पिटलातल्या नर्सबाई. रात्रपाळी करतात, सकाळी घरी जाऊन स्वयंपाक, पोरांच्या शाळा, धुणंभांडी. मग इथे येतात. खांबाच्या पलीकडे तो आडवा झालाय तो पावभट्टीवाला. त्याला मुद्दाम लांब बसवतो, घोरतो फार.

ताई: पण तिकीट काढून झोपायचं? घरी का नाही झोपत?

टॉर्चकाका: घरी घर असतं ना, ताई.

ताई: बाबांच्या वेळीही काही जण झोपायचे.

टॉर्चकाका: तुम्हाला आठवत असेल, बाबांचा नियम होता. कारखान्याची पाळी सुटली की लोक यायचे, आणि जाहिराती संपायच्या आत डोळे मिटायचे. बाबा म्हणायचे, त्यांनी पैसे सिनेमाचे दिलेत, झोपेचे नाही. मग झोपलेल्याच्या तिकिटाचा मी कोपरा फाडून द्यायचो. कोपरा फाटलेलं तिकीट आणलं की दुसऱ्या दिवशी उरलेला खेळ फुकट.

ताई: आठवतं. कोपरा फाटलेलं तिकीट मी खिडकीतून परत घ्यायचे. पण आवाज कमी करायचं बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.

टॉर्चकाका: ते भाऊंचं. एकदा पडद्यावर बंदुका वाजल्या आणि त्या कोपऱ्यातली बाई दचकून उठली ती रडायलाच लागली. तान्हं मूल आहे तिला घरी, सासूकडे ठेवून येते. त्या दिवशी भाऊ वर गेले आणि ऑपरेटरला म्हणाले, तीनच्या खेळाला बंदुका हळू वाजव.

ताई: आणि धंद्याचं काय? जी माणसं खरंच बघायला येतात ती तक्रार करून जातात.

टॉर्चकाका: जातात. मी त्यांना म्हणतो, सहाला या. काही येतात, काही बारा पडद्यांकडे जातात. धंदा म्हणाल तर अक्कलशून्य आहे, हे मी भाऊंच्या तोंडावर सांगितलंय.

ताई: मग काय म्हणाला?

टॉर्चकाका: म्हणाले, काका, चहा आणा.

ताई: म्हणणारच. बरं, आलेच आहे तर बसते पाच मिनिटं. पाय दुखतायत.

टॉर्चकाका: ही खुर्ची घ्या, हिचा हात हलत नाही. पाय पुढे टाका, समोर कोणी नाही.

ताई: चार वाजता गादीवाले आले की मला...

टॉर्चकाका: हो.

ताई: चहा नको मला. यांचं औषध साडेपाचला असतं, शेजारणीला सांगितलंय. पण ती विसरते. काका, ती बाई का रडतेय?

टॉर्चकाका: कोणती? कोपऱ्यातली?

ताई: नाही हो. पडद्यावरची.

टॉर्चकाका: ते पुढे कळतं. तिचा नवरा बोटीवर गेलाय, आणि त्याची जी पत्रं येतायत ना, ती त्याची नाहीतच. धाकटा दीर लिहितोय. आता तो तिला सांगायला म्हणून निघालाय, पण मधेच... ताई? बरं. बरं.

(त्याच हॉलमध्ये. पडदा कोरा आहे, दिवे लागलेत. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या.)

ताई: किती वाजले?

भाऊ: सहा व्हायला आलेत. उठू नकोस एकदम, चक्कर येईल.

ताई: सहा? अरे, शेजारीण. यांचं औषध. माझी चप्पल कुठंय?

भाऊ: मी फोन केला होता. औषध दिलं, चहा दिला, दोघं रेडिओ ऐकत बसलेत. ती म्हणाली, उठवू नका, सात वाजले तरी चालेल मला.

ताई: आणि गादीवाले?

भाऊ: येऊन गेले.

ताई: येऊन गेले म्हणजे? मला उठवलं का नाहीस?

भाऊ: झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही.

ताई: नियम मला शिकवू नकोस. तूच केलंस हे. मुद्दाम आत पाठवलंस मला. तो माणूस दोन वेळा पुढं ढकलून आज आला होता.

भाऊ: मुद्दाम पाठवलं, पण झोपशील हे मला काय माहीत. ते आले तेव्हा हातात टेप होती, हॉल मोजायचा म्हणाले. काकांनी दारातच अडवलं.

टॉर्चकाका: तिकीट नव्हतं त्यांच्याकडे.

भाऊ: मग काढलं त्यांनी तिकीट. तरी काकांनी टेप बाहेर ठेवायला लावली. शेवटच्या रांगेत बसले थोडा वेळ. बाहेर आल्यावर म्हणाले, आमच्या गाद्यांवर माणसं दुकानात एवढी गाढ झोपली असती तर बरं झालं असतं. कागद इथेच राहू दे, उद्या येतो म्हणाले.

ताई: आण तो कागद. आत्ता आण. घरी न्यायला लागला तर मी... हे काय आहे?

भाऊ: सही.

ताई: तुझी?

भाऊ: फुलीवरच केलीय. चुकली का?

ताई: तू सही केलीस.

भाऊ: हो.

ताई: तू? एवढी भांडणं झाली तरी केली नाहीस, आणि आज मी झोपलेली असताना केलीस?

भाऊ: ते आले तेव्हा मी तुला उठवायलाच आत आलो होतो. खोटं नाही सांगत. तू पर्स पोटाशी आवळून झोपली होतीस, बसस्टँडवर माणसं झोपतात तशी. तोंड उघडं. तुझं तोंड उघडं मी कधी बघितलं नव्हतं. म्हणजे बोलताना बघितलंय, भरपूर बघितलंय.

ताई: पुढे बोल.

भाऊ: मला वाटायचं, तू रागावून येतेस. बाबांचं थेटर मला चालवायला मिळालं, तुला खिडकी सोडून जावं लागलं, त्याचा राग. तू दमलेली असतेस, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. रोज तीन वाजता मी परक्या बायकांची झोप सांभाळतो, आणि माझी बहीण तिसऱ्या मजल्यावर जागी. लाज वाटली मला. बाहेर गेलो आणि सही केली. तू पण कर. दाजींना खाली आणू.

ताई: आणि तू कुठे जाशील?

भाऊ: गादीवाले म्हणाले, रखवालदार लागेलच. झोपायची सोय तरी होईल.

ताई: गप्प बस. काही वेळा गप्प बसत जा.

भाऊ: बसलो.

ताई: पेन दे. नाही, राहू दे. डोळे अजून उघडत नाहीयेत. काका, तुम्ही तिथे अवघडून का उभे आहात?

टॉर्चकाका: तिकिटाचं राहिलंय, ताई. तुम्ही झोपलात ना. हे घ्या, कोपरा फाडलाय. उद्या उरलेला खेळ.

ताई: मी उद्या कुठली येतेय.

टॉर्चकाका: नियमाप्रमाणे दिलं. दाजींचंही एक तसंच राहिलंय.

ताई: कसलं?

टॉर्चकाका: कोपऱ्याचं तिकीट. लग्नाआधीचं. त्यांनी ते घेतलं, मग तुमचं ठरलं, आणि उरलेला सिनेमा बघायला ते आलेच नाहीत.

ताई: हे सिनेमात झोपायचे? रात्री साधी मांजर फिरली तरी जागे व्हायचे हे.

टॉर्चकाका: झोपायचे कुठे? सोंग घ्यायचे. दिवे लागले की मान टाकून बसलेले असायचे. टॉर्च जवळ नेली की पापण्या थरथरायच्या. मी आपला फाडायचो कोपरा. दुसऱ्या दिवशी ते तिकीट खिडकीवर द्यायला मिळायचं ना त्यांना. खिडकीवर तुम्ही.

ताई: भाऊ, हे खरंय?

भाऊ: मला विचारू नकोस, मी तेव्हा कँटीनमध्ये खारे दाणे चोरत होतो.

ताई: इतकी वर्षं एका शब्दाने बोलले नाहीत. मी बाबांना सांगायचे, हा मुलगा कामधंदा न करता दुपारी झोपायला येतो, याच्यात काही अर्थ नाही.

टॉर्चकाका: मग आणा की त्यांना उद्या. एक खेळ बाकी आहे.

ताई: काका, ते आपले आपण उठून बसत नाहीत. तीन जिने आहेत. कोणाकोणाला हात लावायला सांगू मी? शेजाऱ्यांना रोज काही ना काही सांगतेच.

टॉर्चकाका: आम्हाला कुठे सांगितलंत? अहो, रिळांच्या लोखंडी पेट्या मी आणि ऑपरेटरने वरच्या खोलीत चढवल्यात, दर शुक्रवारी. आता सिनेमा डबीएवढा येतो. खांदे नुसते पडून आहेत. पाठीची खुर्ची असली की झालं. दोघं मागे, दोघं पुढे, वळणावर तिरकी घ्यायची.

भाऊ: पुढून मी धरतो. पावभट्टीवाला चौथा. त्याचे हात बघितलेस का?

ताई: वेडे आहात सगळे. पडले म्हणजे?

टॉर्चकाका: पेटी कधी पाडली नाही, ताई. पेटीत तर नुसता सिनेमा असायचा.

ताई: त्यांना लाज वाटेल. चार माणसांनी उचलून न्यायचं म्हटलं की.

भाऊ: विचारून तर बघ. नको म्हणाले तर मी तिथे त्यांच्यापाशी बसतो आणि तू एकटी ये. नाहीतरी मी खिडकीवर बसून करतो काय. खिडकी काका बघतील.

ताई: भाऊ, मला घर पाहिजेच. हे सगळं छान आहे, पण मला घर पाहिजे. एक दिवस खाली आणून भागणार नाही त्यांचं.

भाऊ: माहितीय. सही मी परत घेत नाहीये. तू कर म्हटलंस की संपलं.

ताई: तो कागद इकडे दे. माझ्या पर्समध्ये राहू दे. मी बघते कधी करायची ते.

भाऊ: बघ. तुझीच बाकी आहे फक्त.

ताई: कडेच्या दाराला पायरी आहे का रे?

भाऊ: नाही. सायकली आत घ्यायला बाबांनी उतार करून घेतला होता. पाचवी रांग कडेला मोकळी आहे, तिथे खुर्ची मावते.

ताई: त्या पावभट्टीवाल्यापासून लांब बसव. यांना घोरणं चालत नाही.

टॉर्चकाका: लांबच बसवतो.

ताई: आणि आवाज आहे तेवढाच राहू दे. उगीच आम्ही आलोय म्हणून वाढवू नका.

भाऊ: बरं. आणि उद्या गादीवाले येतील त्यांना काय सांगू?

ताई: सांग, परवा या. उद्या आम्ही दोघं सिनेमाला आहोत.